पायाला विचारणारे मोकाशी

मोकाशीकाका आमच्या दाराची बेल कधी लगेच वाजवायचे नाहीत. आधी खाली वाकायचे, दाराबाहेरची एकेक चप्पल उचलायचे, उलटी करून जिन्याच्या खिडकीतल्या उजेडात धरायचे आणि मग बेल. दार उघडलं की नमस्कार-चमत्कार काही नाही. एकदा मी दार उघडल्या उघडल्या काका म्हणाले, "सुरेश, पाहुणे आलेत तुझ्याकडे. अंगाने जाड आहेत. डावा गुडघा दुखतो त्यांचा, विचार." आत बसलेले माझे मामेसासरे दचकून डावा गुडघा चोळायला लागले. उलटी चप्पल घरात भांडण लावते, अशी माझ्या आईची पक्की समजूत. त्यामुळे काका आले की आई आधी बाहेर जाऊन चपला सुलट्या करायची आणि मगच चहाचं आधण ठेवायची. भांडणं आमच्याकडे तशीही व्हायचीच, पण त्या काळात ती कुणाच्या तरी नावावर टाकता यायची.

ही गोष्ट नव्वदच्या आगेमागे, डोंबिवली पूर्वेला. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक आमचं आणि एक मोकाशांचं. काका ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्य यंत्रांच्या भागांची चित्रं काढण्यात गेलेलं, त्यामुळे मापाचं वेड अंगातच होतं. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी ब्लडप्रेशर काढलं आणि सांगितलं, पळायला जात जा. दुसरा कुणी असता तर घरातले कॅनव्हासचे बूट घालून पळत सुटला असता आणि महिन्याभरात थांबलाही असता. काकांनी आधी बूट शोधायला घेतले. जाड, गुबगुबीत गादीच्या तळाचे बूट तेव्हा आपल्याकडच्या दुकानांत नुकते दिसू लागले होते. काकांचा शोध वर्षभर चालला. "घाई नको. पायाला विचारू," हे त्यांचं पालुपद तेव्हापासूनचं.

पायाला विचारायची त्यांची पद्धत होती. बूट संध्याकाळीच घ्यायचा, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय सुजतो आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. मोजे घरून न्यायचे. दोन्ही बूट घालून बघायचे, कारण कुणाचेच दोन पाय सारखे नसतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा सुटली पाहिजे आणि टाच मागून सटकता कामा नये. एवढं झालं की पळून बघायचं. दुकानात कसलं पळणार? ठाण्याच्या स्टेशन रोडवर ते नवे बूट घालून दुकानातून थेट रस्त्यावर धावत सुटले, तेव्हा दुकानातला माणूस "पकडो, पकडो" करत मागे लागला. काकांना वाटलं, आपली टाच कशी पडते ते बघायला येतोय. पळता पळता ते ओरडले, "मागून नाही दिसत! बाजूने या, बाजूने!"

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या सुमारास त्यांना फार भाव यायचा. मुलीचं स्थळ बघायला जाताना लोक जाणत्या माणसाला बरोबर नेतात, तशी बिल्डिंगमधली माणसं पोरांचे बूट घ्यायला काकांना न्यायची आणि मग पस्तावायची. वाढत्या मापाचे बूट घेऊन पुढे कापूस कोंबायचा, हा आपल्याकडचा रिवाज. काकांना तो सहन व्हायचा नाही. "पोरगं वाढेल तेव्हा वाढेल. आज त्याने कापसावर चालायचं का?" असं भर दुकानात विचारायचे.

सकाळचं मैदान हा त्यांच्या अभ्यासाचा पुढचा भाग. पळताना कुणाची टाच आधी टेकते, कुणाचा चवडा, कुणाचं अख्खं पाऊल सपाट पडतं, त्यावर बूट ठरतो. टाच आपटणाऱ्याला मागे जाड गादी हवी, चवड्यावर पळणाऱ्याला पुढे. आता हे उभं राहून नीट दिसत नाही. म्हणून काका मैदानाच्या कडेला गाल मातीला टेकवून आडवे व्हायचे आणि समोरून जाणारे पाय बघायचे. आम्हाला सवय होती. पण कल्याणहून नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना असं पडलेलं पाहिलं आणि "अरे धावा, फिट आली!" म्हणून बोंब ठोकली. चार माणसं जमली. गृहस्थांनी तत्परतेने पायातली चप्पल काढून काकांच्या नाकाशी धरली. काकांनी एक डोळा उघडला, चपलेवरून फिरवला आणि म्हणाले, "बाहेरच्या कडेने झिजलीय. पाय बाहेर टाकता तुम्ही. कंबर धरत असेल." गृहस्थ तिथेच मातीत बसले. "धरते हो," म्हणाले, "फार धरते."

एवढ्या सगळ्यांच्या पायांची उठाठेव करणाऱ्या या माणसाच्या घरातच एक पाय अडून बसला होता. सुधाकाकू टाचेने हैराण होत्या. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल खाली टाकलं की त्यांचं "आई गं" आम्हाला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. टाचेचं हाड वाढलंय, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या झाल्या, मिठाच्या पाण्याचा शेक झाला, तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून त्यावर टाच दाबून झाली. तीन मजले, लिफ्ट नाही. आधी काकूंचं भजनी मंडळ सुटलं, मग बाजार, मग हळदीकुंकू. शेवटी त्या गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून भाजी वर घेऊ लागल्या आणि खाली उतरायच्याच बंद झाल्या. पूर्वी बिल्डिंगमधली कुठलीही बातमी काकूंकडून सुरू व्हायची. आता त्या आम्हालाच विचारायच्या, "खाली काय नवीन?"

मऊ तळाचं काहीतरी घाला, असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. काकांनी तर मनाशी पक्कं केलं होतं: योग्य बूट पायात पडला की सुधा खाली उतरणार. पण माप कसं घ्यायचं? काकू खाली येत नव्हत्या म्हणजे दुकानात जायचा प्रश्नच नव्हता. आणि घरी? काकांनी पहिल्यांदा फूटपट्टी घेऊन पायाशी वाकायचा प्रयत्न केला तेव्हा काकूंनी पाय असे मागे ओढले की खुर्ची कलंडली. "अहो, नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा? मला कुठल्या नरकात पाठवताय?" माझी आई माप घ्यायला गेली, तर तिलाही नाही म्हणाल्या. टाचा भेगाळलेल्या, सुजलेल्या, त्या काय लोकांना दाखवायच्या! "पाच नंबर," एवढंच सांगितलं. लग्नात पाच नंबरची चप्पल होती, तेव्हापासून काकूंच्या लेखी तोच नंबर कायम होता.

डोंबिवलीभर पाय हाताळत फिरणाऱ्या माणसाला नेमका हाच एक पाय वर्ज्य होता. त्यांनी मग आडमार्ग धरले. न्हाणीघराबाहेरचं पायपुसणं लपवलं, म्हणजे ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटेल. काकू घसरता घसरता वाचल्या आणि आठवडाभर बोलल्या नाहीत. मग त्यांनी पहाटे उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तांदळाची पिठी पसरून ठेवली. काकूंनी आधी केरसुणी घेतली, मग पाऊल टाकलं. "मुंग्या लागतील, एवढं कळत नाही?" हे वाक्य आम्ही आमच्या घरात बसून ऐकलं.

आणि एके दिवशी काकांना ते कापड आठवलं. मोकाशांकडे पद्धत होती. नवी सून उंबरठा ओलांडून आली की परातीतल्या कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवायची आणि पांढऱ्या धोतरावरून देवघरापर्यंत चालत जायची. काकूंची ती पावलं घडी घालून ट्रंकेत जपलेली होती. काकांनी ती काढली आणि शनिवारी दुपारनंतर मला बरोबर घेऊन ठाण्याचं दुकान गाठलं. गल्ल्यासमोर कापड उलगडलं मात्र, दुकानदार गादीवरून खाली उतरला, चपला काढल्या, हात जोडले.

"काका, माताजीची पावलं! चपलाबुटाच्या दुकानात कशाला आणली? कोणती देवी?"

"सुधा," काका म्हणाले.

"सुधादेवी? मंदिर कुठे आलं?"

"डोंबिवली पूर्व. तिसरा मजला. ते सोडा हो, टाचेपासून अंगठ्यापर्यंत माप घ्या."

दुकानदार काही केल्या कुंकवाच्या पावलांवर बूट ठेवू देईना. शेवटी काकांनी ठसा कागदावर काढून घेतला, कातरला आणि एकेका बुटात सरकवून पाहिला. दोन तास गेले. मी बाकावर बसून पेंगत होतो. पांढऱ्या रंगाचे, निळ्या पट्ट्याचे, टाचेखाली भरगच्च गादी असलेले बूट निघाले, तेव्हा काकांनी ते दोन्ही हातांत धरून असे पाहिले की मला उगाचच त्यांना सत्यनारायणाचा प्रसाद मिळाल्यासारखं वाटलं.

घरी आलो. काकूंनी आम्हाला चहा दिला, खोकं आत नेलं आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने त्या साडी जराशी वर धरून बाहेर आल्या. दारापासून गॅलरीपर्यंत गेल्या, परत आल्या. चेहरा हसरा. "छान आहेत हो. कापसावर चालल्यासारखं वाटतं," म्हणाल्या. मी टाळ्याच वाजवणार होतो.

काका मात्र त्यांच्या पावलांकडे बघत होते. "सुधा, काढ ते," म्हणाले.

"राहू देत की. वापरून सैल होतील."

"बोटं आत ओढून चालत्येस तू. काढ."

काकूंनी बूट काढले. करंगळी लालबुंद झाली होती. सगळ्या गावाला सकाळचा पाय वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा म्हणून सांगणारा हा माणूस तीस वर्षांपूर्वीचा पाय घेऊन दुकानात गेला होता. मला हसू फुटणार होतं, पण काकांचा चेहरा पाहिला आणि जिरलं. ते हळूच काकूंच्या खुर्चीसमोर फरशीवर बसले.

"चुकलो मी," म्हणाले. "एकोणीस वर्षांच्या मुलीचे बूट आणले."

"असू दे हो. त्यात काय एवढं? मी बरी आहे वर."

"मी नाही बरा." काका म्हणाले. "मी पळत नाही, सुधा. तू गॅलरीतून बघतेस म्हणून कोपऱ्यापर्यंत पळतो. पुढे गेलो की चालतो आणि मैदानावर पडून लोकांचे पाय बघतो. तू खाली यायचीस तेव्हा रोज दुधाच्या केंद्रापाशी भेटायचीस. पळून झालं की आपण दोघं चालत घरी यायचो. आता कुणाकडे पळत यायचं?"

मी तिथे बसायला नको होतं, पण हातात भरलेला कप होता आणि उठायचं कसं ते सुचेना. काकू देवघराकडे बघत म्हणाल्या, "अहो, देव बघतोय समोरून."

"त्याला सांग, माप घेतोय."

काकूंना हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही. त्यांनी डोळे मिटले आणि पाय पुढे केला.

काकांनी तो मांडीवर घेतला. एरवी कुणाचाही पाय हातात आला की या माणसाचं व्याख्यान सुरू व्हायचं. त्या दिवशी ते फक्त भेगांवरून अंगठा फिरवत राहिले. "इथे?" त्यांनी विचारलं. "हं," काकू म्हणाल्या. "इथे?" "आई गं." मग ते नुसतेच टाच तळहातात धरून बसून राहिले. मी थंड झालेला चहा एका घोटात संपवला आणि त्यांना कळू न देता दार ओढून घेतलं.

बूट बदलून आणले ते पुरुषांचे, पुढून चांगले रुंद. "पुरुषी बूट आणि साडी! लोक काय म्हणतील?" हे काकूंनी चार-पाचदा म्हणून घेतलं. पण आठवडाभर घरातल्या घरात गॅलरी ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालून पाय सरावला आणि एका रविवारी संध्याकाळी काकू कठड्याला धरून जिना उतरू लागल्या. मजल्यामजल्यावर दारं उघडली. माझी आई पाण्याचा तांब्या घेऊन मागे, तिच्यामागे मी. काका एक पायरी पुढे, उलटे उतरत, दोन्ही हात पसरून. कुणी पडलं असतं तर तेच पडले असते.

काकू खाली पोचल्या. फाटकाबाहेर रस्त्यावर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं. नवं दुकान निघालं होतं कोपऱ्यावर, ते पाहिलं.

"आता कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

काकांनी खाली उतरण्यापर्यंतचाच विचार केलेला होता. "ते... ते काही मी ठरवलं नाही गं," म्हणाले.

"मग चला," काकू म्हणाल्या, "सरळ जाऊ." आणि त्या पुढे निघाल्यासुद्धा.