विषारी वरणाचा अहवाल

पोटात विष गेलं की नाही, हे विज्ञान ठरवतं. ते कोणी घातलं, हे गाव त्याच्या आधीच ठरवून मोकळं झालेलं असतं. दोघांच्या वेगातला हा फरक भरून काढण्यासाठी डॉ. शुभदा बोनगिरवार यांनी आयुष्याची एकतीस वर्षं वेचली.

मूळच्या पांढरकवड्याच्या या बाई जिल्ह्यातल्या विष-तपासणी प्रयोगशाळेच्या मुख्य शास्त्रज्ञ. धोत्रा, कण्हेर, कपाशीवरची फवारणी, झोपेच्या गोळ्या, सगळ्यांवर त्यांचे शोधनिबंध आहेत. (एकूण चव्वेचाळीस. वाचणारे, घरचे धरून, तीन.) पूर्वी एका नमुन्याला आठ दिवस लागत; बाईंनी अशी पद्धत शोधली की अकरा मिनिटांत निकाल. कार्यालयानं तिचं मनापासून स्वागत केलं. अहवाल हाती पडायला पूर्वी चौदा महिने आठ दिवस लागायचे, ते आता चौदा महिने अकरा मिनिटांवर आलं.

अशात मुकुटबनहून विमलताईंचं वरण आलं. विमलताई पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या; लग्न असो की तेरवी, आसपासच्या दहा गावांत चूल त्यांचीच. एका बारशाला सदाशिवराव नावाचे वजनदार गृहस्थ नऊ पुरणपोळ्या, वाटीभर तूप आणि वरणभात रिचवून उठले ते अंगणात आडवेच झाले. संध्याकाळी शुद्धीवर येऊन त्यांनी चहा मागितला, पण तोवर कोणीतरी 'विष' म्हणून गेलं होतं. तूप त्यांच्याच घरचं असल्यामुळे संशय वरणावर गेला. जमादार हिरासिंग यांनी ते लोणच्याच्या बरणीत भरलं, लाखेनं सील केलं आणि चिठ्ठीवर नमुन्याचं नाव लिहिलं: 'विषारी वरण'.

बाईंनी तपासलं. तूर, हळद, हिंग, मीठ जरा जास्त. विष नाही.

मग कार्यालयाचं शास्त्र सुरू झालं. अहवाल शाखेनं शेरा मारला: नमुना विषारी असताना निष्कर्ष 'विष नाही' असा कसा? ठाण्यानं नमुन्याचं नाव बदलून द्यावं. ठाण्यानं कळवलं की नाव बदलायला आधी अहवाल हवा. (दोन्ही पत्रं नियमाला धरून होती.) तिसऱ्या पत्रात बरणीतल्या मूळ लोणच्याचं काय झालं, अशी विचारणा होती. त्याचं उत्तर अद्याप अप्राप्त आहे.

आठव्या महिन्यात विमलताई स्वतःच बाईंच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्याडम, माह्या वरणात काही सापडलं का?"

"अहवाल ठाण्यात येईल, ताई. मला सांगता येत नाही."

"तवापासून एक पंगत भेटली नाही मले. लोक रस्त्यानं रामराम करते, पण माह्या घरी चहा पेत नाही. अन् ते सदाशिवराव तं रोज सायकल चालवून राह्यले."

शुभदाबाईंना स्वतःची लाज वाटली. अहवालाच्या छापील नमुन्यात लाजेसाठी रकाना नव्हता, म्हणून ती नोंदवता आली नाही.

चौदाव्या महिन्यात अहवाल निघाला, सर्व शाखांचा मान राखून: 'विषारी वरणात विष आढळून आले नाही.' मुकुटबनच्या चौकात तो मोठ्यानं वाचला गेला आणि एकमतानं ठरलं, "सापडंन असं थोडीच घालंन ते. लय हुशार हाये विमल."

त्याच आठवड्यात शुभदाबाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या जेवणाचं काम त्यांनी हट्टानं विमलताईंना दिलं. अहवालावर ज्यांच्या सह्या होत्या ती सातही माणसं पानावर बसली आणि एकाएकी कोणालाच भूक उरली नाही. (एकाला चतुर्थी आठवली. ती आदल्या दिवशीच होऊन गेली होती.) विमलताई दारात पदर मुठीत धरून उभ्या होत्या. शुभदाबाईंनी वरणभात कालवला, खाल्ला. सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. कार्यालयाचा आपल्या अकरा मिनिटांच्या पद्धतीवर इतका विश्वास आहे, हे बाईंना त्या दिवशी कळलं.

बाराव्या मिनिटाला बाईंनी पुन्हा वरण मागितलं.

"मीठ मात्र जरा जास्त झालं हो, ताई."

"मंग तेवढं लिहाचं होतं ना अहवालात," विमलताई वाढता वाढता म्हणाल्या. "ते तं खरं होतं."

मंडळी जेवू लागली, पण चेहरे किंचित पडलेले होते. वाचकहो, त्यांना हसू नका. वरचं नाव वाचून तुम्ही इथवर आलात, ते काही शेवटी मीठ जास्त निघावं म्हणून नाही.