पाठ ताठ!

लोपीस सर समोरून येताना दिसले की आमच्या बिल्डिंगमधली माणसं आपोआप दोन इंच उंच व्हायची.

पापडी गावच्या शाळेत सरांनी हयातभर कवायत शिकवली. निवृत्त झाले, पण शिट्टी गळ्यातच राहिली. टँकरच्या रांगेत कुणी बादली उचलायला वाकलं की मागून आवाज यायचा, "पाठ ताठ! गुडघ्यात वाका!" चर्चमध्ये मिस्सा चालू असताना पुढच्या बाकावरच्या म्हातारीलाही त्यांनी बोटाने टोचून सरळ केलं होतं. माझ्या पाठीची तक्रार तर थेट माझ्या बायकोकडे जायची.

घरात ते एकटेच. बायको गेल्यापासून सरळ करायला घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून सारी मेहनत आमच्यावर.

अशा माणसाच्या दाराशी कुत्र्याचं पिल्लू आलं ते नेमकं कमरेत वाकडं, मागचा डावा पाय फरफटवणारं. उभं राहिलं की एका बाजूला कलायचं. सरांनी त्याचं नाव ठेवलं 'विश्राम' आणि लगेच त्याला 'सावधान' करायच्या मागे लागले.

बिघाड पायातच आहे, यावर आमचं सगळ्यांचं एकमत होतं. कुणी म्हणालं लचकलाय, कुणी काटा शोधला. सर रोज खोबरेल चोळून तो पाय ओढून सरळ करायचे आणि मग अंगणात कवायत. "एक-दोन, एक-दोन!" 'दोन'ला विश्राम हमखास खाली बसायचा. पाय आणखीच लुळा पडला, तेव्हा मी दोघांना बळेच गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "पायाला काहीच झालेलं नाही. पाठीचा एक मणका जन्मापासून अर्धवट आहे. तो आतली नस दाबतो, म्हणून पाय ओढला जातो. ओढून सरळ करू नका, पाय कायमचा जाईल. औषध द्या, पोटाखाली पंचा धरून सावकाश चालवा. नशीब असेल तर चालेल. पण वाकडाच."

रिक्षात सरांनी विश्रामला मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "अहो, शाळेत एक पोरगी होती. पाठीत वाकून उभी राहायची. मी तिला रोज रांगेबाहेर काढायचो. मुद्दाम करते, असं वाटायचं मला." आणि विश्रामच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

पुढे बरेच दिवस टँकरच्या रांगेत शिट्टी वाजलीच नाही. मग एका सकाळी गल्लीच्या टोकाकडून सर येताना दिसले, कमरेत पार वाकलेले. दोन्ही हातांत पंच्याची टोकं, पंच्यात विश्रामचं पोट. इतकी वर्षं ओरडा खाल्लेली रांग ही संधी सोडते होय? आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "सर, पाठ ताठ!"

सरांनी मान वर केली नाही. त्यांनी पंचा अलगद सैल सोडला होता, आणि विश्रामचा डावा पाय वेडावाकडा का होईना, जमिनीवर टेकत होता.

"गप्प बसा रे," ते म्हणाले. "तो चालतोय."