तात्यांच्या घरचा बेंदूर

पिळदार मिशांना कणीक लागलेला म्हातारा तुम्ही पाहिलाय का? मी रोज पाहत होते. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. कवठे महांकाळच्या बाजूला आमचं गाव, मी सासरी नवी, आणि भिंतीला भिंत लागून बाबूतात्यांचं घर. सत्तरी उलटलेला हा माणूस डोक्याला पटका बांधून चुलीपुढं बसायचा आणि भाकरी थापायचा.

त्यांच्या बायकोच्या, गोजराकाकींच्या अंगावरून वारं गेलं आणि त्या पुढच्या सोप्यातल्या बाजेला खिळल्या, तेव्हा तात्यांना चूल पेटवणंही येत नव्हतं. एकुलता मुलगा किसन पलटणीत. भावकीतल्या बायका कालवण-भाकरी द्यायला आल्या, तर म्हणाले, "माजं हात मोडल्यात व्हय?" मग परात घेऊन आमच्या दारात. "पोरी, कनकीला पानी किती?" मी सांगायचे, ते ऐकायचे आणि स्वतःचंच करायचे. "कनीक म्हंजी खोंड गं. आदी चुचकारायचं, मग जुपायचं."

वर्षाच्या आत त्यांची पोळी माझ्यापेक्षा मऊ व्हायला लागली. त्याचा जाच मला. सासूबाई ऊठसूट म्हणायच्या, "त्या मिशावाल्याकडं जा शिकायला." अस्सा राग यायचा त्या म्हाताऱ्याचा.

बाजेवरून काकींचं लक्ष चुलीवरच. "आवं, करपल्याचा वास येतुया."

"तुजं नाक आजून तरनं हाय," तात्या म्हणायचे.

आणि रोज सकाळी काकींचा एक प्रश्न ठरलेला. "किसन्या खुशाल हाय न्हवं?"

"खुशाल. लय जाड झालाय म्हनं."

पोराचं पत्र महिनोन् महिने नसायचं, पण जाड मात्र तो रोज व्हायचा.

मग तार आली. किसन लढाईत गेला. पाटलांनी तात्यांना चावडीवर बोलावून सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून निघाल्या, तर तात्या बोळाच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभे. "तिला कळाय नगं. ह्या धक्क्यानं जाईल ती. रडायचं आसंल तर माज्या हिरीवर जाऊन रडा." खरं सांगते, सगळ्याजणी अर्धा कोस चालत विहिरीवर गेल्या आणि रडून आल्या. त्यांना तोंड धुवायला पाणी शेंदून दिलं तेही तात्यांनीच.

पुढं बेंदूर आला, बैलांचा सण. मयताच्या घरी त्या वर्षी सण करत नाहीत, शेजारपाजारचे पोळीचं ताट नेऊन देतात. तात्यांनी सगळी ताटं बोळातूनच परत लावली आणि स्वतः पुरण शिजत घातलं. भावकी तुटून पडली. "लपवायचं तर लपीव, पन रीत मोडू नगंस."

"बेंदराला घरात पुरन शिजलं न्हाई तर तिला कळंल की रं," एवढंच म्हणाले आणि चुलीकडं वळले.

मी तूप द्यायच्या निमित्तानं मागल्या दारानं गेले. पोळी लाटता लाटता तात्या हळू आवाजात म्हणाले, "पोरी, ती किसन्याचं इचारंना झालीया."

मी विचारलं, "कधीपासनं?"

"तार आल्याच्या दुसऱ्या दिसापास्नं. येकदाबी नाव न्हाई काडलं."

"म्हणजे काकींना ठाऊक आहे. मग बोला की तात्या. दोघं मिळून रडा तरी."

त्यांनी लाटणं थांबवलं. "ती पडून हाय, मी ह्यो आसा. दोगं येकदम ढासळलो तर उचलायचं कुनी? ती माज्यासाटी गप हाय, मी तिच्यासाटी पोळ्या लाटतुया. चाललंय तवर चालू दे."

त्यांनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले, ताट उचललं आणि सोप्याकडं जाता जाता मोठ्यांदा म्हणाले, "आज पोळी झ्याक जमलीया बग."

"आना की मग," काकींचा आवाज आला. "आन् तुमीबी बसा संगं. कवाधरनं राबतायसा."

तव्यावर एक पोळी राहिली होती. ती उलटता उलटता मला रडू फुटलं. आवाज सोप्यात जाऊ नये म्हणून मी पदर तोंडात धरला आणि त्या दोघांचं जेवण होईपर्यंत तशीच चुलीपुढं बसून राहिले.