बर्वेसाहेबांचं नाक आणि तीन ग्राहक

बर्वेसाहेब जेवणाआधी हात जोडत नसत, नाक लावत.

कोणी काहीही पुढे ठेवलं की ताट उचलायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळे मिटायचे आणि एक लांब श्वास ओढायचा. मग निकाल. ‘चालेल’, नाहीतर ‘सकाळचं आहे’. ‘छान झालंय’ हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. लग्नाच्या पंगतीत तेच, सत्यनारायणाच्या शिऱ्याला तेच. खुद्द त्यांच्या बँकेच्या मॅनेजरकडे समोशाला नाक लावून तो परत ठेवला होता म्हणे. मोहल्ल्यात त्यांना ‘सूंघन बाबू’, हुंगणारे बाबू, म्हणत. मागे. तोंडावर नाही. लखनऊचा माणूस तोंडावर कोणाला काही म्हणत नाही, तेवढी तहजीब आहे.

उन्हाळ्यात तर हे नाक फारच तापायचं. फ्रिज त्यांनी घेतलाच नव्हता. ‘फ्रिज म्हणजे शिळं लपवायचं कपाट,’ असं ते सगळ्यांना ऐकवत. आणि दुसरं एक वाक्य होतं: ‘आधी वास, मग घास.’ हे तर मुलांनाही पाठ होतं.

मी रामटेके. मूळ भंडाऱ्याकडचा. सरकारी कारखान्याची जीप चालवली, साहेब लोकांना चिनहटहून अमौसीच्या विमानतळावर नेलं आणलं, आणि रिटायर झाल्यावर चिनहटलाच घर बांधलं. शाळा तिसरीपर्यंत. पण अक्षर माझं चांगलं आहे, आणि माणूस ओळखायला अक्षर लागत नाही.

आमची मागची भिंत आणि बर्वेसाहेबांची मागची भिंत एकच. ते नवीन राहायला आले तेव्हा आमच्या मंडळी, म्हणजे बायको, म्हणाल्या, “अवो, मराठी माणूस आहे, एकटाच आहे. जयंतीची खीर देऊन या.” मी गेलो. साहेबांनी वाटी घेतली, चष्मा वर केला आणि खिरीला नाक लावलं.

“दूध सकाळचं की कालचं?”

माझं डोकंच फिरलं. आमच्या वाटीला नाक लावतो? आजापासून ऐकलेलं शिवाशिवीचं सगळं त्या एका क्षणात डोक्यात आलं. मी वाटी हातातून घेतली आणि म्हटलं, “दूध म्हशीचं आहे. राम राम.” घरी येऊन शपथ घेतली, या दारात पुन्हा आपलं भांडं जाणार नाही.

मग काही दिवसांनी देवळासमोरून जाताना पाहिलं. पंडितजींनी प्रसादाचा पेढा हातावर ठेवला, आणि बर्वेसाहेब तिथेच डोळे मिटून हुंगताहेत. “पंडितजी, यह कल का है.” पंडितजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेव्हा माझा अर्धा राग गेला. अर्धा ठेवला. शपथ ती शपथ.

असे आम्ही दोघं, मधे एक भिंत.

त्या वर्षी मे महिन्यात लू, इकडचा झळांचा वारा, अशी चालली होती की कावळेसुद्धा दुपारी चोच उघडी टाकून कूलरच्या मागे बसायचे. एका सकाळी फैजाबाद रोडवर टेम्पोखाली एक मुंगूस गेलं. दुपारी भिंतीपलीकडून बारीक चीं चीं ऐकू आलं. मी स्टुलावर चढून पाहिलं. साहेबांच्या अंगणात विटांचा ढीग होता, त्यातून मुंगसाची तीन पिल्लं डोकी काढत होती आणि साहेब धोतर सावरून त्यांच्यापुढे उकिडवे बसले होते. पुढे स्टीलच्या ताटलीत काहीतरी पांढरं.

“हे काय वाढलंत?” मी विचारलं. मधल्या काळात आमचं बोलणं असं भिंतीवरूनच, तेही कामापुरतं.

“दहीभात. मऊ केलाय. उन्हाळ्यात थंड असतो.”

“हिंग, जिरं, कढीपत्ता?”

“कढीपत्ता नाही घातला,” साहेब गंभीरपणे म्हणाले. “पिल्लांच्या घशात अडकेल.”

दुसऱ्या दिवशी पिल्लांची पोटं बिघडली. त्यातलं सर्वांत लहान, त्याची शेपटी टोकाला जरा वाकडी होती, ते विटेला टेकून पडूनच राहिलं. साहेब त्याच्या तोंडाशी पाण्याचा कापूस धरून बसले होते. मला म्हणाले, “रामटेकेजी, भात ताजाच होता हो. मी वास घेतला होता.”

“साहेब, ते मुंगूस आहे. तुमच्या साताऱ्याचा पाहुणा नाही. त्याला मांस लागतं. साप खाणाऱ्याला तुम्ही दहीभात वाढता?”

साहेब म्हणजे जन्मात अंडं न शिवलेला माणूस. त्यांनी वाकड्या शेपटीकडे पाहिलं, उठले, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, “कुठे मिळतं?”

मी त्यांना कल्लनभाईच्या दुकानावर नेलं. आधी साहेब रस्त्याच्या पलीकडे निंबाखाली नाकाला रुमाल लावून उभे. मग रस्ता ओलांडून आले, रुमाल काढला आणि टांगलेल्या बोकडाला चक्क नाक लावलं. गिऱ्हाइकं हसायला लागली.

“भैया, यह कब का है?”

“हुज़ूर, सुबह का.”

“सुबह कितने बजे?”

कल्लनभाईने सुरी खाली ठेवली आणि फार अदबीने म्हणाला, “हुज़ूर, बकरे ने घड़ी नहीं पहनी थी.”

पण साहेब हटले नाहीत. नवा बोकड निघेपर्यंत तिथेच बाकड्यावर बसले, आणि त्यातला मूठभर खिमा घेऊन, डबा अंगापासून लांब धरून, पेटता फटाका न्यावा तसे घरी आले.

वाकड्या शेपटीने पहिल्या दिवशी नुसता चाटला. दुसऱ्या दिवशी अंड्याचा बलक खाल्ला. तिसऱ्या दिवशी त्याने साहेबांचं बोट चावलं, आणि साहेब बोट वर धरून, भिंतीकडे येऊन, मला दाखवून गेले. जणू मेडल मिळालं.

मग सुरू झालं साहेबांचं काउंटर. बँकेत आयुष्यभर कॅशियर होते, त्यामुळे पिल्लं म्हणजे ‘ग्राहक’. नाव ठेवलं नाही. “नाव ठेवलं की खातं उघडल्यासारखं होतं,” म्हणत. पहाटे ऊन चढायच्या आत एकदा, संध्याकाळी लू पडल्यावर पुन्हा, आणि मधे दोनदा थोडं थोडं. प्रत्येक वेळी ताजं. मातीची थाळी ओल्या वाळूवर ठेवायची, त्यात खिमा. आधी साहेब स्वतः वास घेणार, मग ग्राहकांना सोडणार. पोटं भरली की टाळी वाजवून “काउंटर बंद!” आणि उरलेलं लगेच उचलायचं. माशी बसायच्या आत.

एकदा एका ग्राहकाने मोठा तुकडा पळवून विटांमागे दडवला. त्या उन्हात तो दुपारपर्यंत काय होणार? साहेब पोटावर आडवे होऊन, विटांच्या फटीफटीत नाक घालून सरकत होते. शेवटी “इथे आहे!” असं ओरडून तुकडा चिमट्याने बाहेर काढला. मी स्टुलावरून टाळ्या वाजवल्या. त्या नाकाचा काही उपयोग झालेला मी पहिल्यांदा पाहिला. तेव्हापासून खिमा आणखी बारीक. त्यासाठी वेगळी सुरी, वेगळी फळी, आणि प्रत्येक वेळी नंतर आंघोळ. लखनऊमध्ये नळाला पाणी नाही आणि हा माणूस दिवसातून चार आंघोळी करतोय. मंडळी म्हणायच्या, “काहून एवढं करते हा माणूस?” मी म्हणायचो, “डोकं तापलंय, दुसरं काय.”

एक दिवस मी कल्लनभाईच्या दुकानावर होतो, तर साहेब आलेच नाहीत. बत्ती सकाळपासून गुल, ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. वाकडी शेपटी आता कुठे जीव धरू लागली होती, एक पाळी चुकली तर पुन्हा पडेल, हे मलाही दिसत होतं. मी खिमा घेतला आणि त्यांच्या मागच्या दाराने आत शिरलो. शपथ भांड्याची होती. खिमा कागदात होता.

स्वयंपाकघराचं दार उघडं. साहेब फरशीवर बसून जेवत होते. डोळे उन्हाने लाल, डोक्यावर ओला पंचा. ताटात एक वाळकी पोळी आणि वरण. घास बुडवत होते आणि गिळत होते. नाक लावत नव्हते.

वरणाचा वास मला उभ्या उभ्या आला. मी खाली बसलो, वाटी उचलली आणि त्यांच्यासारखंच हुंगलं.

“साहेब, हे आंबलंय.”

“माहीत आहे.”

“कालचं?”

“परवाचं असेल.” त्यांनी वाटी माझ्या हातातून हळूच परत घेतली. “एकट्यासाठी किती वेळा स्टोव्ह पेटवायचा, रामटेकेजी? ही होती तेव्हा हिचं काम होतं ताजं करायचं आणि माझं काम होतं वास घ्यायचं. आता एकच काम राहिलंय.”

“आणि पिल्लांसाठी चारदा उठता ते?”

साहेबांनी बाहेर अंगणाकडे पाहिलं. विटांच्या सावलीत तिन्ही डोकी एका ओळीत, दाराकडे तोंड करून.

“ती वाट बघतात ना,” ते म्हणाले.

मी वाटी ओढून घेतली आणि वरण मोरीत ओतलं.  मग मी खिमा वाढला, साहेबांनी बसल्या जागेवरून वास घेतला आणि म्हणाले, “चालेल.”

उन्हाळा सरता सरता ग्राहक मोठे झाले. आधी भिंतीवर दिसायचे, मग मागच्या आमराईत, मग कधीतरीच. शेवटी वाकडी शेपटी तेवढी यायची, तीही यायची बंद झाली. साहेब काही दिवस मातीची थाळी धुऊन वाळूवर ठेवत राहिले. टाळी मात्र ऐकू आली नाही.

मंडळींनी एका दुपारी ताट वाढून माझ्यापुढे धरलं. भात, वरण, वांग्याची भाजी. म्हणाल्या, “जाता, की मी जाऊ?”

शपथ मोडणारा माणूस मी नव्हे. पण शपथ त्यांच्या दारात भांडं नेण्याबद्दल होती, भिंतीवरून तपासायला देण्याबद्दल नव्हती. मी स्टुलावर चढलो आणि ताट भिंतीवर ठेवलं.

“बर्वेसाहेब, जरा नाक द्या. आमच्या मंडळींना भाजीबद्दल शंका आहे.”

साहेब आले. चष्मा वर, डोळे बंद, लांब श्वास.

“ताजी आहे.”

“वासाने काय कळतं? आत बिघडली असेल तर? पूर्ण खाऊन सांगा. ताट उद्या द्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मग ताट उचलून आत गेले. दुसऱ्या दिवशी ताट भिंतीवर, घासून लख्ख. निकाल काही सांगितला नाही, म्हणून त्या दिवशी वरणाबद्दल शंका आली. मग पोळीबद्दल. आमच्या घरात असं काहीच शिजेना, ज्याबद्दल शंका येत नाही.

मधे एकदा बख्शी का तालाबला पुतण्याकडे गेलो होतो, परतायला उशीर झाला. घाईघाईने ताट घेऊन स्टुलावर चढलो. पलीकडे बर्वेसाहेब भिंतीशीच उभे होते, डोक्यावर ओला पंचा, हातात कालचं रिकामं ताट. मला पाहून त्यांनी उगीच आमराईकडे बघितल्यासारखं केलं.

मग हळूच म्हणाले, “रामटेकेजी, आज शंका नाही आली?”