चपाती, पोळी आणि साळवेकाका

"कुणी लिहिलं हे? पुढे या! कुणी लिहिलं?"

अंबरनाथच्या आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये साळवेकाका फळ्यासमोर उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की तिकडे शिवमंदिरातल्या नंदीनं बसल्या जागी मान वळवली असणार. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : आज पोळी-भाजी.

"साई, मैंने लिखा," कँटीनवाले लच्छूशेठ म्हणाले. ते उल्हासनगरचे सिंधी. "ऑफिसवाले ऐसाच बोलते ना! पोळी बोलो, रोटी बोलो, जाना तो पेट में है."

"पोटात तापाची गोळीपण जाते, शेठ! तिला पोळी म्हणू?"

काकांनी खिशातून वर्नियर कॅलिपर काढला. माझ्या ताटातली चपाती उचलून तिची जाडी घेतली, मग ती उजेडासमोर धरली. "आत काय आहे? काही नाही. आत काही नाही, ती चपाती. आत पुरण, ती पोळी. ही व्याख्या! फळा रिजेक्ट!" आणि शर्टाच्या बाहीनं फळा पुसून टाकला.

काका माल-तपासणी खात्यात होते. एक केसभर जाड नट त्यांच्या हातून सुटत नसे, आणि बुवापाड्यातल्या चाळीत मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत असल्यामुळे मीही सुटत नसे. माझ्याकडचा पाहुणा "थोडासाच चहा द्या" म्हणाला, की भिंतीपलीकडून प्रश्न यायचा, "थोडासा म्हणजे किती? व्याख्या काय?" एक पाहुणा तर चहा न घेताच पळाला. तो अजून पळतोय, असं ऐकतो.

पण पोळीचा राग निराळा होता. तो शब्द कानावर पडला की काकांच्या नाकपुड्यांतून धूर निघायचा. मी पाहिलाय.

नोकरीला लागल्या वर्षी एका साहेबानं त्यांना म्हटलं होतं, "साळवे, रविवारी आमच्याकडे पोळी खायला या." काका हरखले. साहेबाच्या घरी पुरणपोळी! सकाळपासून पोटात पाणीसुद्धा घातलं नाही. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून गावाहून आलेलं तूप पितळेच्या डबीत घालून नेलं. पानावर बसले. डबी उघडून शेजारी ठेवली. ताटात आल्या दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी.

"पोळी कधी येणार?" काकांनी विचारलं.

घरातली सगळी माणसं हसली. बाई म्हणाल्या, "अहो, हीच की पोळी!" सोमवारी साहेबानं तो किस्सा कँटीनमध्ये रंगवून सांगितला. पुढे कित्येक महिने कुणीही उठून विचारायचं, "काय साळवे, तूप आणलंत का?"

तेव्हापासून काकांनी कॅलिपर खिशात बाळगायला सुरुवात केली.

आणि नेमकं त्यांच्या मिलिंदनं लग्न केलं ते चपातीला पोळी म्हणणाऱ्या घरातल्या अमृताशी. जोडप्यानं बदलापूरला नव्या इमारतीत घर घेतलं. काका लग्नात आनंदानं नाचले होते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण पहिल्यांदा घर बघायला गेले, तेव्हा सून म्हणाली, "बाबा, गरम पोळ्या करते, खाऊन जा." काका चप्पल घालून जे उतरले, ते दोन वर्षं तो जिना चढले नाहीत.

काकू दर रविवारी बदलापूरला जायच्या. काका घरी पाव चघळत बसायचे. संध्याकाळी सुनेनं दिलेला डबा यायचा. काका झाकण उघडून एकेकीची जाडी मोजायचे, "रिजेक्ट!" म्हणून गरजायचे, आणि सगळ्या खाऊन टाकायचे.

"काका, रिजेक्ट ना?" मी विचारायचो.

"मग? रिजेक्ट माल नष्ट करावा लागतो. नियम आहे."

एका रविवारी डब्यात चिठ्ठी आली : 'बाबा, पुढच्या रविवारी तुम्ही याच. तुमच्यासाठी पोळ्या करते.' त्यातलं 'पोळ्या' खोडून वर बारीक अक्षरात 'चपात्या' लिहिलं होतं.

काकांनी ती चिठ्ठी आठवडाभर कॅलिपरशेजारी बाळगली. "खाडाखोड आहे. खाडाखोडीवर सही नाही," एवढंच म्हणत राहिले. रविवारी सकाळी मात्र माझ्या दाराशी हजर. "स्कूटर काढ. साक्षीदार पाहिजे." हातात कापडी पिशवी.

अमृतानं पान वाढलं. "बाबा, चप... चपाती वाढू?"

"काय म्हणालीस?" काका कडाडले. मिलिंदच्या हातातला तांब्या कलंडला.

"चपाती."

"तुझ्या माहेरी काय म्हणतात?"

"पोळी."

"तू लहानपणापासून काय म्हणतेस?"

"पोळी. पण बाबा, तुम्हाला राग—"

"मग पोळीच म्हण ना! माझ्या भीतीनं आपला शब्द गिळतेस? आमच्या वेळी हसले लोक, म्हणून मी पानावर गप्प बसलो. सगळ्यांच्या देखत गप्प बसलो! तू कशाला गप्प बसतेस? स्वतःच्या घरात? हे चालणार नाही! मोठ्यानं म्हण!"

"पोळी!" अमृता ओरडली. आणि रडायलाच लागली.

"हां. वाढ आता."

काकांनी पिशवीत हात घातला. मला वाटलं, कॅलिपर निघणार. निघाली पितळेची डबी. झाकण काढून त्यांनी ती ताटाशेजारी ठेवली आणि कुणी हसतंय का, म्हणून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. अमृतानं डोळे पुसले, चमचाभर तूप घेतलं आणि पोळीवर पार कडेपर्यंत पसरलं.

सोमवारी कँटीनच्या फळ्यावर ठसठशीत अक्षरांत 'चपाती-भाजी' होतं. लच्छूशेठ खडू हातात घेऊन शाबासकीची वाट बघत उभे.

"क्या साळवेसाब, कल बहू की चपाती कैसी थी?"

"पोळी होती," काका म्हणाले. "जरा जाड."