हिरव्या चष्म्यातला दात

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी दवाखान्याच्या काउंटरवर एका पेशंटला तारीख देत होतो. छातीत थोडं जड वाटतंय म्हणून तिला आदल्या संध्याकाळी मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं. सकाळी तिनेच मला पिटाळलं. म्हणाली, "माझ्याजवळ बसून काय करणार? लोक दाराशी उभे राहतील. कुलूप तरी उघडा." मी कुलूप उघडलं आणि तासाभरात मुलाचा फोन आला. तो ठेवून मी समोरच्या माणसाला म्हणालो, "डॉक्टर आता येणार नाहीत."

"मग मी कधी येऊ?"

"गुरुवारी या," मी म्हणालो. तोंडाला सवय झाली होती, दुसरं काय. तो माणूस गुरुवारी आलाही.

बायको दातांची डॉक्टर. मी मूळचा रंगाच्या दुकानातला. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन यायचं आणि मी डब्यात तोच रंग कालवून द्यायचो. लग्नानंतर तिने मला दवाखान्यात ओढलं, कारण नवा दात बसवायचा तर तो शेजारच्या दातांच्या रंगाचा लागतो आणि त्यासाठी नजर लागते. पेशंटला खिडकीशी उभं करायचं, खोट्या दातांची पट्टी ओठांशी धरायची आणि जुळणाऱ्या दाताचा नंबर लॅबला कळवायचा, हे माझं काम. "हात माझे, नजर तुमची," असं ती पेशंटसमोर म्हणायची. मला ते आवडायचं.

तिच्यानंतर दवाखाना सुनेकडे आला. तीही दातांचीच डॉक्टर, हुशार, पण लोकांना ती कालची पोर वाटायची. त्यात एका मोठ्या हॉस्पिटलाने तिला नोकरी देऊ केली होती. ती मला सरळ म्हणाली, "बाबा, पेशंट टिकले तर मी इथेच बसते. नाही टिकले तर दवाखाना बंद करावा लागेल."

"एकही पेशंट हलणार नाही," मी सांगून टाकलं. "माझ्यावर सोड." दवाखाना बंद झाला असता तर सकाळी उठून जायला मला दुसरी जागा नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही, पण तिला कळत असावं.

सुनेने लेसरचं यंत्र घेतलं. ते विकायला आलेला माणूस इतका चकचकीत होता की त्याच्या बुटांत मला माझा चेहरा दिसत होता. तो म्हणाला, "काका, थोड्याच वर्षांत ड्रिल इतिहासजमा होणार. सुई नाही, आवाज नाही, रक्त नाही. कीड लेसरच शोधणार, लेसरच काढणार. पेशंट खुर्चीत झोपी जाईल."

सून म्हणाली, "ते पुढचं पुढे. या यंत्राने फक्त हिरडीचं काम होतं."

पण मी पेशंटना सांगताना चकचकीत माणसाचंच भाषण केलं, वर थोडी भर घालून. परिणाम असा झाला की एक आजोबा दारातच तोंड उघडून उभे राहिले. म्हणाले, "आत यायला हवं का? इथूनच मारा की प्रकाश."

यंत्राबरोबर हिरवे चष्मे आले होते. लेसर चालू असताना खोलीतल्या प्रत्येकाने ते लावायचे, पेशंटनेसुद्धा. सून यंत्र बंद झालं की चष्मा काढायची. मी काढत नसे. त्या दिवसांत माझ्या डोळ्यांचा भरवसा नव्हता. पावती देतानाही पाणी यायचं, आणि मग समोरचा माणूस आपलं दाताचं दुखणं सोडून माझी समजूत काढत बसायचा. हिरव्या काचेमागे काही दिसत नाही. लोकांना वाटायचं, यंत्रामुळे लावावाच लागत असेल, आणि सून आत कामात असायची. सकाळी तो नाकावर चढवायचा आणि घरी जाताना उतरवायचा. चार-आठ दिवसांत तो आहे हेही मला जाणवेनासं झालं.

अशात हेडबाई आल्या. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. अर्धी वस्ती त्यांच्या हाताखालून गेलेली आणि उरलेली अर्धी त्यांना घाबरून असलेली. त्यांचा पुढचा दात तुटला होता आणि पुढच्याच आठवड्यात शाळेत त्यांचा निरोप समारंभ होता. सून मला आत नेऊन म्हणाली, "बाबा, या खूश झाल्या तर आपण तरलो."

"आणि नाही झाल्या तर?"

"तर मी हॉस्पिटलला होकार कळवते."

सुनेने लेसरने हिरडी नीट कापून दिली. रक्ताचा थेंब नाही. हेडबाई म्हणाल्या, "झालं? मला वाटलं तुम्ही अजून सुरुवात करताय." मी त्यांना खिडकीशी नेलं, पट्टी धरली आणि ऐटीत नंबर सांगितला. इतक्या वर्षांत माझा नंबर चुकला नव्हता.

दात तयार होऊन आला. तो बसवताना हिरडीची कड पुन्हा जराशी आड आली, म्हणून यंत्र पुन्हा चालू झालं आणि आम्ही तिघांनीही चष्मे लावले. यंत्र चालूच असल्याने सुनेने चष्म्यातूनच पक्क्या सिमेंटने दात बसवला, कड साफ केली, तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. "आरसा द्या त्यांना," म्हणून ती आत गेली. मी आरसा दिला. हेडबाईंनी हिरव्या चष्म्यातून पाहिलं, मी हिरव्या चष्म्यातून पाहिलं.

"ओळखूसुद्धा येत नाही," बाई म्हणाल्या.

"येणारच नाही," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा ट्रेमध्ये ठेवला आणि त्या हसत घरी गेल्या. घरी नवऱ्याने दार उघडलं आणि विचारलं, "हा एक दात कुणाचा आणलास?"

दात पिवळट-तांबूस होता, भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा. निरोप समारंभाच्या फोटोत अख्खी शाळा हसते आहे आणि मधोमध बाई ओठ घट्ट मिटून बसल्या आहेत, जणू सगळ्यांना वर्गाबाहेर काढणार आहेत. कुणी कारण विचारलं की त्या एवढंच म्हणायच्या, "लेसर केलं."

पुढचं काम वस्तीने केलं. सकाळी लेसरने दात भाजला होता. दुपारी जीभही भाजली होती. संध्याकाळी दूधवाल्याने मला काउंटरवर येऊन विचारलं, "काका, बाईंचा जबडा वितळला म्हणतात, खरं का?" लोक तारखा रद्द करू लागले. आजोबांचा निरोप आला की त्यांना जुन्या ड्रिलच्या घरघरीनेच मारावं, प्रकाश नको.

सुनेने चकचकीत माणसाला बोलावलं. त्याने यंत्र उलटसुलट तपासलं आणि सांगितलं, "यंत्र निर्दोष आहे." मग तिने लॅबवाल्याला बोलावलं. तो हेडबाईंच्या पाठोपाठच आला, दोघांचेही चेहरे भांडायला निघाल्यासारखे.

"मला जो नंबर कळवला तोच रंग मी केलाय," लॅबवाला म्हणाला.

"नंबर माझा आहे," मी म्हणालो. "आणि तो बरोबर आहे. रंग तू बिघडवलास."

"मग आत्ता सगळ्यांसमोर पुन्हा बघा."

मी बाईंना खिडकीशी उभं केलं. पट्टी धरली. डोकं इकडे केलं, तिकडे केलं. तोच नंबर. "हा घे," मी म्हणालो. "अगदी तसाच."

लॅबवाला पट्टीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"काका, चष्मा काढा."

"कुठला चष्मा?"

सून हळूच म्हणाली, "बाबा, यंत्र बंद आहे. तुम्ही हा का घातलाय?"

मी चष्मा काढला. आधी मला पट्टीचा खरा रंग दिसला आणि लाज वाटली. मग लक्षात आलं की ते तिघंही पट्टीकडे बघत नाहीत. माझे डोळे सकाळपासूनच भरलेले होते.

हेडबाई भांडायला आल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, तो दात दिसला, त्यांनी तोंड मिटलं. मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "जा. तोंड धुवून या. मग पुन्हा नीट बघा."

मी धुवून आलो. उघड्या डोळ्यांनी नंबर सांगितला. लॅबवाल्याने मान डोलावली आणि नवा दात करायला घेतला. आता आधीचा दात काढायचा तर तो पक्क्या सिमेंटने बसलेला. या लेसरने तो निघणं शक्य नव्हतं. सुनेने जुनं ड्रिल लावलं आणि दवाखान्यात कितीतरी वेळ घरघर चालली. मध्येच बाईंनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"लेसरचं भविष्य संपलं का?"

"तात्पुरतं," सून म्हणाली.

नवा दात उत्तम बसला. दोष लेसरचा नव्हता, चष्म्याचा होता, हे बाईंनी वस्तीत घरोघर सांगितलं. पण वितळलेल्या जबड्यापुढे हिरव्या चष्म्याची गोष्ट फार मिळमिळीत. पेशंट येत, बाकावर बसत, आणि आत जायची पाळी आली की, "तुम्ही आधी जा," म्हणत.

सून म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच बसा खुर्चीत. तुमची हिरडी सुजलेलीच आहे. दार उघडं ठेवते. बघू देत सगळ्यांना."

मी बसलो. बाकावरचे सगळे दाराशी जमले, हेडबाई सर्वात पुढे. सुनेने आरसा तोंडात घातला आणि ती थांबली. माझ्यावर वाकून, दाराशी ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बाबा, या दाढेत तात्पुरतं सिमेंट आहे."

"हो."

"आईंनी भरलेलं?"

"हो. पुढच्या आठवड्यात पक्कं करू म्हणाली होती."

"हे इतके दिवस टिकायला नको होतं. कड निघालीये. आता करून टाकू?"

"आज हिरडीचंच कर," मी म्हणालो.

तिने आरसा बाहेर काढला. सगळ्यांनी चष्मे लावले, हेडबाईंनीही. लेसर झालं, रक्त आलं नाही, जबडा जागेवर राहिला. दूधवाल्याने तो स्वतः हात लावून पाहिला. त्या दिवशी तीन जणांनी तारखा घेतल्या, पुढच्या आठवड्यात बाक पुरेना. सुनेने हॉस्पिटलला नाही म्हणून कळवलं.

दवाखाना चालू आहे. मी सकाळी कुलूप उघडतो आणि रंग बघताना चष्मा घालत नाही. सून मधूनमधून दाढेची आठवण करते आणि मी तिला गुरुवारी बघू म्हणतो. दाढ अजून पक्की भरायची राहिली आहे.