भिंतीवरचं पिक्चर आणि अनंतरावांचं तेलुगू

नव्या सुनेने खोक्यातून प्रोजेक्टर बाहेर काढला आणि अनंतराव चपला शोधायला लागले.

"बाबा, संध्याकाळी गच्चीवर पिक्चर लावू," स्वरा म्हणाली. "सगळं जग आहे त्यात. वाळवंट, समुद्र, ज्वालामुखी!"

"तेलुगू हाय का?" अनंतरावांनी चाचरत विचारलं.

उत्तर स्वयंपाकघरातून रमाबाईंनी दिलं. "असू द्या नं! तुमी हाय ना मराठीत सांगाले. म्या रेणुकाबाईले बलावलं, अन् त्या नव्या शेजारनीले, राजव्वाले बी बलावलं."

झालं! आता गोम अशी, की अनंतरावांना तेलुगू येत नव्हतं. "बागुन्नारा?" म्हणजे बरे आहात ना, एवढं विचारून झालं की त्यांची गाडी थांबायची. सगळी नोकरी तेलंगणातल्या भैंशाच्या कापूस जिनिंगच्या दफ्तरात मराठी-हिंदीवर निभावली. पण लग्नानंतर निर्मलच्या टॉकीजमध्ये तेलुगू पिक्चर पाहताना किनवटकडच्या नव्या नवरीने कानाशी लागून विचारलं, "काय म्हनते तो?" आता बायको अशी विचारत असताना "मले नाई समजत" म्हणायला काळीज लागतं. त्यांनी मनाला येईल ते ठोकून दिलं. तेव्हापासून पिक्चर असो की टीव्हीवरची सिरियल, अनंतराव ठोकतच होते आणि रमाबाई गल्लीभर कौतुक सांगत होत्या. त्यात मुलाने, भार्गवने, बायको केली ती हैदराबादची, फडाफडा तेलुगू बोलणारी. ती आल्यापासून डोळे चुरचुरतात अशी सबब सांगून ते टीव्हीपुढे बसलेच नव्हते.

दुपारी त्यांनी घसा बसल्याचं सोंग केलं. रमाबाईंनी मिठाच्या गुळण्या करवल्या, ओव्याची वाफ दिली, वर हळदीचं दूध पाजलं. घसा इतका साफ झाला की हायवेवरच्या ट्रकवाल्यालाही हाक ऐकू गेली असती. मग त्यांनी करंट जाण्याची वाट पाहिली. एरवी रोज जाणारा मेला आज गेला नाही.

गच्चीवर त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. भिंतीवर वाळवंट उजाडलं, संगीत घुमलं. एक उंटवाला समोरून येऊ लागला. आता बोलेल, आता बोलेल, म्हणत अनंतरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. उंटवाला बोलला नाही. ज्वालामुखी फुटला. पळणारी माणसंही बोलली नाहीत. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की हे पिक्चरच बिनबोलाचं आहे. नुसती चित्रं आणि संगीत! त्यांचा जीव भांड्यात पडला.

"अहो, सांगा नं," रमाबाईंनी कोपर मारलं.

"कोनी काईच बोलून नाई राह्यलं."

"असं कसं? येवढा डोंगर फुटून राह्यला अन् कोनी बोंबलत बी नाई?"

"खरंच नाई. तुया गळ्याची आन!"

इतक्या वर्षांत अनंतराव पहिल्यांदाच खरं बोलले आणि कोणाचाही विश्वास बसला नाही. रेणुकाबाई खुसखुसल्या, "वयनी, मले वाट्टे भाऊजीले तेलुगू येतच नसंन."

रमाबाईंचं तोंड उतरलं. गल्ली हसली असती तर चाललं असतं, पण हे तोंड अनंतरावांना पाहवेना.

"येते कसं नाई!" ते ओरडले. "तो उंटवाला म्हनते, बायकोले न सांगता निगालो, आता घरी माही काई खैर नाई. अन् ही पळनारी म्हातारी म्हनते, चुलीवर दूध तसंच राह्यलं वं माय!"

"अरे देवा!" रेणुकाबाई हळहळल्या. गच्चीवर हशा पिकला. फक्त प्रोजेक्टरजवळ उभी असलेली स्वरा डोळे मोठे करून सासऱ्यांकडे बघत होती. अनंतरावांनी मान फिरवली. आता ही बोलणार!

बोलली राजव्वा. करीमनगरकडून नुकत्याच आलेल्या त्या बाईला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तिने मागून मोठ्याने तेलुगूत काहीतरी विचारलं. सगळ्या माना अनंतरावांकडे वळल्या.

"काय म्हनते ती, भाऊजी?" रेणुकाबाईंनी विचारलं.

अनंतरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. संपलं सगळं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून अस्खलित तेलुगू सुरू झालं. सगळे कशाला हसतात असं विचारणाऱ्या राजव्वाला रमाबाई मागे वळून उंटवाल्याचं, त्याच्या बायकोचं आणि म्हातारीच्या दुधाचं सगळं हातवारे करून समजावत होत्या. राजव्वा तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"तुले... कवापासून येते?" अनंतराव तिच्या कानाशी पुटपुटले.

"आपली लेक ओवी तेलुगू शाळेत जात होती तवापासून. तिचा अभ्यास कोन घेत होतं? तुमी तर दफ्तराचं काम काढून पळत होते."

"मंग मले काऊन इचारत होती रोज?"

"त्या सिरियलीतली सासू सुनेले जहर देते," रमाबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या गोष्टीतली सासू तिले लोनचं देत होती. मले तुमचीच बरी वाटे."

मग पदर सावरून त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सांगा पुढं. त्या म्हातारीचं दूध उतू गेलं का वाचलं?"

भिंतीवर आता नुसता समुद्र होता. अनंतरावांनी बायकोकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"वाचलं," ते म्हणाले. "कोनीतरी येळेवर उतरवलं."

रमाबाईंनी मागे वळून तेही राजव्वाला सांगितलं.